नन्नाचा पाढा : ग्रोमिको भागाच्या कामाच्या नोंदी

२ जून, सोमवार

आपल्या श्राव्य मालिकेतला तिसरा भाग माझ्या गळ्यात पडला. विषय आंद्रेई ग्रोमिको. वेळ २२ मिनिटं. मिनिटाला ११० शब्द धरले तर साधारण २,४०० शब्द होतात. हा गृहस्थ सोव्हिएत परराष्ट्रमंत्री होता २८ वर्षं. वर्षाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही.

संपादकांना भागाचं नाव 'मिस्टर न्येत' हवंय, न्येत म्हणजे रशियनमध्ये 'नाही'. सगळ्यांना तेवढंच माहीत असतं, असं त्यांचं म्हणणं. ते नको, असं माझं म्हणणं, आणि कारणही तेच. शिवाय मराठीत 'नन्नाचा पाढा' असताना न्येत कशाला? फाइलला तेच नाव देऊन टाकलं.

नावाच्या उच्चारावर दुपार गेली. रशियन कानाला ते 'ग्रमीका'च्या जवळ जातं, आणि मधला 'मी'सुद्धा आपल्या 'मी'सारखा नाही, घशाच्या बाजूला दाबलेला. पण जुन्या मराठी वर्तमानपत्रांत सरसकट 'ग्रोमिको' आहे, वाचणाऱ्यांच्या डोक्यात तेच बसलंय. ग्रोमिको कायम.

फाइलच्या वर एक प्रश्न लिहून ठेवला : हा माणूस स्वतः काय मानत होता? स्टालिनपासून गोर्बाचोव्हपर्यंत प्रत्येकाच्या हाताखाली टिकलेल्या माणसाला स्वतःचं मत होतं का? सापडलं तर भाग चांगला होईल. नाहीतर तहांची यादी होईल.

५ जून, गुरुवार

बालपण. हे दोन मिनिटांत उरकायचं ठरवलं होतं, पण गाव फारच छान निघालं.

जन्म १८ जुलै १९०९, बेलारूसमध्ये गोमेलच्या बाजूला. गावाचं नाव स्तारिये ग्रोमिकी, म्हणजे थोरलं किंवा जुनं ग्रोमिकी म्हणू. गावात बहुतेक घरं ग्रोमिको आडनावाचीच. म्हणजे हाक मारायला आडनाव कुचकामी. म्हणून प्रत्येक घराण्याला वेगळं टोपणनाव, यांचं बुर्माकोव्ह. आमच्या वाडीत सगळेच सावंत, त्यामुळे पत्ता सांगताना 'विहिरीवरचे', 'वडाखालचे' असं सांगावं लागतं. पुढे जगातल्या प्रत्येक दरबारात 'ग्रोमिको' म्हणून ओळखला गेलेला माणूस स्वतःच्या गावात त्या नावानं ओळखताच आला नसता.

आणखी एक गोष्ट सापडली ती कुठे घालावी कळेना. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिल झालं. त्याची धूळ वाऱ्यानं गोमेलकडे गेली. हे गाव ज्या वेत्का तालुक्यात येतं तिथल्या गावंच्या गावं उठवावी लागली. त्या वेळी ग्रोमिको सोव्हिएत संघाचे नामधारी राष्ट्रप्रमुख होते. बालपणाच्या परिच्छेदात हे आलं तर श्रोता गोंधळेल, शेवटी आलं तर नाटकी वाटेल. तूर्त बाजूला.

८ जून, रविवार

शेतीच्या अर्थशास्त्रात पदवी आणि संशोधन केलेला तिशीतला माणूस परराष्ट्र खात्यात कसा शिरला? सरळ उत्तर : खुर्च्या रिकाम्या होत्या. तीसच्या दशकाच्या अखेरीस स्टालिननं मुत्सद्द्यांची फळीच्या फळी तुरुंगात घातली, मारली. ३ मे १९३९ ला परराष्ट्र कमिसार, म्हणजे परराष्ट्रमंत्रीच, लित्विनोव्ह यांना काढलं, मोलोतोव्ह आले. नवीन माणसं हवी होती, साध्या घरातली, पक्षाची, आणि जमलं तर इंग्रजी येणारी. निवड समितीत मोलोतोव्ह आणि मालेन्कोव्ह. इंग्रजीत काय वाचलंय, असं विचारल्यावर ग्रोमिकोंनी अमेरिकेतल्या जमिनींविषयीचं एक पुस्तक सांगितलं. काम झालं.

याला पुढे कुणी नशीब म्हणतं. मला तो शब्द लिहवेना. ज्यांच्या जागी हा बसला ते कुठे गेले हे त्याला माहीत होतं, रोज त्यांच्याच टेबलावर काम करत होता. तोंड बंद ठेवायची सवय त्याच टेबलावर लागली असणार. हे माझं अनुमान आहे, निवेदनातही 'असणार' असंच ठेवतोय.

स्टालिनचा किस्सा मात्र ठेवणारच. वॉशिंग्टनला पाठवताना स्टालिननं सल्ला दिला, इंग्रजी सुधारायला चर्चमध्ये जाऊन प्रवचनं ऐका, पाद्री शुद्ध बोलतात. नास्तिक राज्याचा प्रमुख आपल्या अधिकाऱ्याला चर्चला पाठवतोय! ग्रोमिकोंनी आठवणींत लिहिलंय की ते काही गेले नाहीत. ऑगस्ट १९४३ मध्ये ते अमेरिकेतले राजदूत झाले, तेव्हा वय ३४.

मिन्स्कचं शिक्षण, लिदियाशी लग्न, मुलगा-मुलगी : दोन वाक्यं.

११ जून, बुधवार

आज स्वतःचीच चूक पकडली. पहिल्या खर्ड्यात ठोकून दिलं होतं की सुरक्षा परिषदेतला पहिला नकाराधिकार ग्रोमिकोंचा. नाही. तो १६ फेब्रुवारी १९४६ चा, लंडनमधला, सीरिया-लेबनॉनच्या प्रश्नावरचा. तिथे सोव्हिएत बाजूनं उपपरराष्ट्रमंत्री विशिन्स्की होते. ग्रोमिको त्यानंतर लवकरच न्यूयॉर्कमध्ये कायमचे प्रतिनिधी म्हणून बसले. मार्चमध्ये इराणचा प्रश्न निघाला तेव्हा कागद गोळा करून सभागृहातून चालते झाले. तेव्हा संयुक्त राष्ट्रांना स्वतःची इमारत नव्हती, परिषद ब्राँक्समधल्या हंटर कॉलेजात भरायची. जागतिक राजकारणातला तो सभात्याग कॉलेजच्या इमारतीतला.

पण खरं महत्त्वाचं काम त्याच्या आधीचं आहे आणि ते कंटाळवाणं आहे, म्हणून कुणी सांगत नाही. १९४४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनमधल्या डंबार्टन ओक्स नावाच्या वाड्यात नव्या जागतिक संघटनेचा आराखडा ठरत होता. सोव्हिएत पथकाचे प्रमुख ग्रोमिको. सगळं अडलं एका मुद्द्यावर : भांडणात बडं राष्ट्र स्वतःच एक बाजू असेल, तर त्याला नकाराधिकार वापरता येईल का? इंग्रज-अमेरिकन म्हणत होते, आपल्याच खटल्यात आपण न्यायाधीश कसं व्हायचं? ग्रोमिको हटले नाहीत. प्रश्न याल्टापर्यंत गेला आणि तिथे मधला मार्ग निघाला : वाटाघाटीनं मिटवायच्या प्रकरणात संबंधित राष्ट्रानं मतदान करायचं नाही, पण सक्तीच्या कारवाईवर नकाराधिकार शाबूत. आज बातम्यांत 'अमुक देशानं नकाराधिकार वापरला' असं ऐकतो, त्याच्या मुळाशी ही घासाघीस आहे. २६ जून १९४५ ला सॅन फ्रान्सिस्कोत सनदेवर सोव्हिएत संघाच्या वतीनं सही ग्रोमिकोंचीच.

पाढ्यातला एक अपवादही इथेच. १४ मे १९४७ च्या भाषणात त्यांनी ज्यूंच्या स्वतंत्र राज्याचा हक्क मान्य केला. ज्यू आणि अरब मिळून एक राज्य जमत नसेल तर पॅलेस्टाईनची फाळणी करा, म्हणाले. २९ नोव्हेंबरच्या मतदानात सोव्हिएत संघ फाळणीच्या बाजूनं आणि भारत विरोधात. आवाज देणाऱ्या मैत्रिणीला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "अरे, उलटं लिहिलंयस का?" नाही बाई, असंच आहे.

१५ जून, रविवार

मामांना फोन केला होता. त्यांचं बालपण सावंतवाडीचं, डिसेंबर १९६१ मध्ये नऊ वर्षांचे होते. त्यांना आठवतात लष्करी ट्रक, आणि आजीनं दार लावून घेतलेलं. गोवा मुक्त झाला ही बातमी शाळेत साखर वाटून सांगितली म्हणे. मी विचारलं, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये काय झालं ठाऊक आहे का? "न्यूयॉर्काचा काय संबंध?" असं त्यांचं उत्तर.

संबंध असा. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत ठराव आला : भारतानं गोळीबार थांबवावा, सैन्य मागे घ्यावं. परिषदेत तेव्हा ११ सदस्य, ठराव मंजूर व्हायला ७ मतं लागत. ठरावाच्या बाजूनं बरोबर ७ पडली. विरोधात ४ : सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) आणि सोव्हिएत संघ. म्हणजे नुसत्या मोजणीनं ठराव मंजूर होता. अडला तो सोव्हिएत नकाराधिकारामुळेच. इकडे सैन्य मांडवीच्या काठावर पोचलंच होतं. ठराव झाला असता तरी ते परत फिरलं असतं असं मला वाटत नाही. पण गोव्याचा कागद पुढची कित्येक वर्षं संयुक्त राष्ट्रांत आपल्याविरुद्ध पडून राहिला असता.

संपादकांचा आग्रह : "हात ग्रोमिकोंनी वर केला असं लिहा, श्रोत्याला सोपं पडेल." कसं लिहू? हात वर केला वालेरियन झोरिन यांनी, ते तिथले प्रतिनिधी होते. धोरण मॉस्कोचं, खातं ग्रोमिकोंचं. त्या दिवसांत तेव्हाचे सोव्हिएत राष्ट्रप्रमुख ब्रेझनेव्ह भारताच्या दौऱ्यावर होते आणि भाषणांतून भारताची पाठराखण करत होते, म्हणजे वरून ठरलेलंच होतं सगळं. काश्मीरचंही तसंच. २० फेब्रुवारी १९५७ चा नकाराधिकार ग्रोमिको मंत्री झाल्यावर पाचच दिवसांनी आला. पाच दिवसांत कुणी धोरण घडवत नाही, आलेलं पुढे चालवतं.

'आपल्यासाठी रशियानं हात वर केला' हे वाक्य आपल्याकडे फार प्रेमानं बोललं जातं. गुळगुळीत सोव्हिएत मासिकांची पानं फाडून वह्यांना कव्हरं घालणाऱ्या पिढीतला मी, मलाही ते प्रेम आहे. पण निवेदनात त्याला आवर घालायचा.

१९ जून, गुरुवार

क्यूबा. सगळ्यांत चित्रमय प्रसंग म्हणून तीन मिनिटं राखून ठेवली होती.

१८ ऑक्टोबर १९६२, संध्याकाळ. व्हाइट हाउसमधलं अध्यक्षांचं कार्यालय. केनेडी त्यांच्या झुलत्या खुर्चीत, ग्रोमिको शेजारच्या कोचावर. यू-२ या अमेरिकी टेहळणी विमानानं १४ तारखेला क्यूबावरून काढलेले फोटो केनेडींनी दोन दिवसांपूर्वी पाहिलेत. क्षेपणास्त्रांचे तळ त्यात दिसतात. ग्रोमिको सांगतात, आमची क्यूबाला मदत बचावापुरती आहे. केनेडी फोटो काढत नाहीत. आपलं सप्टेंबरमधलं निवेदन, की क्यूबात मारा करणारी शस्त्रं चालणार नाहीत, ते वाचून दाखवतात. दोन तासांहून जास्त वेळ दोघं बोलतात आणि ज्याच्याबद्दल बोलायचं ते कुणीच काढत नाही.

ग्रोमिकोंचा नंतरचा बचाव वकिली आहे : मला थेट विचारलंच नाही, विचारलं असतं तर उत्तर दिलं असतं. खोटं बोलले का? शब्दांत सापडत नाहीत. ही त्यांची खासियत. तेव्हाचे सोव्हिएत सर्वेसर्वा ख्रुश्चोव्ह त्यांच्याबद्दल म्हणत अशी एक गोष्ट सांगतात : मी याला पँट काढून बर्फावर बस म्हटलं, तर उठ म्हणेपर्यंत हा बसून राहील. ही कुचेष्टा की कौतुक, ठरवता येत नाही.

दोनच दिवसांनी, २० ऑक्टोबरला, चीननं आपल्यावर हल्ला केला. जग क्यूबाकडे बघत होतं. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला वगैरे. हे मी लिहिलं आणि कापलं. या भागात ते घुसवलेलं दिसतं.

२२ जून, रविवार

चव्हाण दुसऱ्या दारानं परत आलेच. जानेवारी १९६६, ताश्कंद. शास्त्रीजी आणि अयूब खान, मध्यस्थ सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन. ग्रोमिको कोसिगिनच्या बरोबर, चव्हाण आणि स्वर्णसिंग शास्त्रीजींच्या बरोबर. १० तारखेला करार, त्याच रात्री शास्त्रीजी गेले. इथे ग्रोमिको पडद्यामागे आहेत. मसुद्यांची ने-आण, शब्द बदलणं. दोन वाक्यं पुरेत.

९ ऑगस्ट १९७१, दिल्ली. भारत-सोव्हिएत मैत्री करार, १२ कलमं, मुदत २० वर्षं. सह्या आपले परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि ग्रोमिकोंच्या. महिनाभरापूर्वी अमेरिकी अध्यक्षांचे सल्लागार किसिंजर गुपचूप पेकिंगला (आताचं बीजिंग) जाऊन आले होते, पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते. सगळं वजन नवव्या कलमात : दोघांपैकी कुणावर हल्ला झाला किंवा तसा धोका दिसला, तर दोघांनी लगेच सल्लामसलत करायची. युद्धात उतरू असं कुठेही म्हटलेलं नाही. सल्लामसलत. पण चीनला आणि अमेरिकेला वाचायला तेवढं पुरलं. डिसेंबरमध्ये सोव्हिएत प्रतिनिधीनं सुरक्षा परिषदेत तीनदा नकाराधिकार वापरला, तोवर ढाका पडायला आलं.

संपादकांना इथे सहा मिनिटं हवीत. मी चार दिली. ग्रोमिकोंच्या नकाशाच्या मध्यभागी वॉशिंग्टन होतं, दिल्ली कडेला. हे आपल्याला ऐकायला आवडत नाही, पण २८ वर्षांतली त्यांची मेहनत बघितली तर दुसरं काही म्हणता येत नाही. १९६३ चा अणुचाचणीबंदीचा करार, ७२ चे आणि ७९ चे क्षेपणास्त्रांचे करार, ७५ चा युरोपच्या सुरक्षेवरचा हेलसिंकी करार. अमेरिकेनं आपल्याला बरोबरीचं मानावं हा एकच ध्यास.

२५ जून, बुधवार

वरच्या प्रश्नाचं उत्तर आज सापडलं, आणि सापडून बरं वाटलं नाही.

मार्च १९७९. अफगाणिस्तानात हेरातला बंड झालं, काबूलचं सरकार सोव्हिएत सैन्य मागतंय. पॉलिटब्युरोच्या, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीच्या, बैठकांची टिपणं सोव्हिएत संघ गेल्यानंतर बाहेर आली. १७ मार्चला ग्रोमिको म्हणतात, काही झालं तरी अफगाणिस्तान हातचा जाता कामा नये. दुसऱ्या दिवशी, १८ मार्चला, तेच ग्रोमिको सैन्य पाठवायच्या विरोधात मुद्दे मांडतात, एकेक करून. आपण आक्रमक ठरू. इतकी वर्षं जमवत आणलेलं सगळं वाया जाईल. आता पक्षाचे सर्वेसर्वा असलेले ब्रेझनेव्ह आणि अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांची भेट बारगळेल. अलिप्त राष्ट्रं उलटतील. चीनला फुकटची भेट मिळेल.

दोनदा वाचलं. पुढच्या दहा वर्षांत जे जे झालं ते या माणसानं आधीच वाचून दाखवलंय, एका दमात. म्हणजे मत होतं. स्वच्छ होतं, आणि बरोबर होतं.

मग १२ डिसेंबर १९७९. एक हातानं लिहिलेला कागद, अक्षर पॉलिटब्युरोतल्या चेर्नेन्कोंचं. मथळा : 'अ'मधील परिस्थितीबाबत. अफगाणिस्तान हा शब्द नाही, सैन्य हा शब्द नाही. आंद्रोपोव्ह (गुप्तहेर संस्थेचे प्रमुख), उस्तिनोव्ह (संरक्षणमंत्री) आणि ग्रोमिको यांनी मांडलेले विचार आणि उपाय मंजूर, एवढंच. खाली सह्या. ग्रोमिकोंची आहे. कोसिगिन बैठकीला नव्हते, त्यांची नाही.

मधल्या नऊ महिन्यांत काय बदललं? काबूलमध्ये पंतप्रधान अमीननं राष्ट्रप्रमुख तराकींना हटवून मारलं, ब्रेझनेव्हना ते लागलं. अमीन अमेरिकेकडे वळेल अशी भीती. अमेरिकेबरोबरचे क्षेपणास्त्रांचे करारही कडू व्हायला लागले होते, आणि नाटोनं युरोपात नवी क्षेपणास्त्रं आणायचं ठरवलं ते याच १२ तारखेला. कारणं आहेत. पण मार्चमधल्या यादीतला एकही मुद्दा खोटा ठरला नव्हता. सगळ्या जगाला नाही म्हणणाऱ्या माणसाला स्वतःच्या खोलीत एकदा नाही म्हणता आलं नाही. भाग इथे उभा राहतो. बाकी सगळं इथपर्यंत यायला.

सुमारे १५,००० सोव्हिएत सैनिक गेले. अफगाण किती गेले त्याची मोजणीच लाखांत करतात. फेब्रुवारी १९८० मध्ये ग्रोमिको दिल्लीत आले होते, इंदिराबाईंना समजावायला. मैत्रीच्या गोष्टी करताना हेही सांगायचं, चार मिनिटांतच.

संपादकांना रात्री पाठवलं. उत्तर : "जड होतंय, पण राहू द्या."

२८ जून, शनिवार

ध्वनिमुद्रण. 'स्तारिये ग्रोमिकी' सात वेळा अडखळलं. 'न्येत' म्हणताना मैत्रीण दरवेळी आवाज जाड करते, खलनायकासारखा. ग्रोमिको कोरडं बोलायचे, चेहरा न हलवता, असं सांगितल्यावर तिनं कारकुनासारखं म्हटलं. एकदम जमलं.

ऐंशीचं दशक बरंचसं कापलं. १९८३ मध्ये पाडलेल्या कोरियन प्रवासी विमानाचं प्रकरण गेलं. ११ मार्च १९८५ ठेवलं : पक्षाच्या सरचिटणीसपदासाठी, म्हणजे खऱ्या सत्तेसाठी, गोर्बाचोव्हचं नाव पुढे केलं ते ग्रोमिकोंनी. चारेक महिन्यांत, २ जुलैला, गोर्बाचोव्हनं त्यांना राष्ट्रप्रमुखाच्या शोभेच्या खुर्चीत बसवलं आणि खातं शेवर्दनाझ्झेंकडे दिलं. १९८८ च्या शरदात तीही खुर्ची गेली. मृत्यू १९८९ चा, तारीख पुन्हा २ जुलै. अफगाणिस्तानातून शेवटचा सैनिक बाहेर पडून साडेचार महिने झाले होते. क्रेमलिनच्या भिंतीपाशी नाही, नोवोदेविची दफनभूमीत पुरलं.

चेर्नोबिल अखेर याच ओळींत बसलं, एका वाक्यात : ते शोभेच्या खुर्चीत होते तेव्हा त्यांच्या तालुक्यातली गावं रिकामी होत होती.

१ जुलै, मंगळवार

जुळणी झाली. २३ मिनिटं १० सेकंद. सत्तर सेकंद जास्त, ती डंबार्टन ओक्समधली आहेत आणि मी देणार नाही.

मामांना गोव्याचा तुकडा पाठवला होता. त्यांचा उलटा निरोप : "त्या हात वर करणाऱ्याचं नाव परत सांग, लिहून ठेवतो." झोरिन, मामा. झोरिन.

वाद उरला तो एकाच जागेवर. 'खाली सह्या' या शब्दांनंतर मी संगीत घातलेलं नाही, चार सेकंद नुसती शांतता आहे. संपादक म्हणतात, श्रोत्याला वाटेल फाइल अडकली, लोक फोन हलवून बघतील. तीनवर तडजोड झाली.

संध्याकाळी बसमध्ये पूर्ण भाग ऐकला. त्या जागी मी स्वतःच खिशातून फोन काढून बघितला.